न दिसणारे डबे आणि पाडव्याचा झेंडू

पुण्याहून अमरावतीला जाऊन आले म्हटलं की जो तो विचारतो, चिखलदरा केलं का, मेळघाटात वाघ दिसला का. नाही केलं. नाही दिसला. परतवाड्यापर्यंत गेले होते, समोर सातपुड्याचे डोंगर उभे होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून एका पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते. वऱ्हाडात जाऊन मी काय पाहिलं, तर तीन खोल्या, तीन सर्व्हर आणि एक कूलर. तरी लिहिते आहे, कारण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा मला आता कंटाळा आला आहे.

माझं काम नेटवर्क जोडून देण्याचं. पूर्वी हे काम डोळ्यांना दिसायचं. माहितीला रस्ता दाखवणारा राउटर हा एक डबा, नको त्याला दारातच अडवणारा फायरवॉल हा दुसरा डबा. डबा बिघडला की बदलायचा. आता डबे गेले. राउटर आणि फायरवॉल दोन्ही एका साध्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअर म्हणून चालतात, आणि गावोगावच्या अशा सर्व्हरना एका ठिकाणी बसलेला कंट्रोलर हुकूम सोडतो. तुम्ही एकदा टाइप करा, सगळीकडे लागू. कागदावर हे फार सुंदर दिसतं. आमच्या साहेबांनी तर "दोन दिवसांचं काम आहे, उरलेले दिवस फिरून या" असं सांगून मला गाडीत बसवलं. साहेब स्वतः कधी कुठे जात नाहीत.

मंगळवार : बडनेरा, अमरावती

बडनेऱ्याला सकाळी उतरले तेव्हा ऊन आत्ताच कुठे आलं होतं आणि तरीही पाठ भाजत होती. घ्यायला प्रणिता आली होती. वय एकोणतीस, वलगावच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली मुलगी, कॉम्प्युटरची पदवी घेऊन पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेली. फुलं आणि भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीची ती व्यवस्थापक. तिच्या छोट्या मालवाहू गाडीला मेथीचा वास येत होता आणि माझ्या बॅगेला तो अजून येतो.

"आधी खाऊन घेऊ मॅडम, मंग काम," ती म्हणाली आणि तिने मला गिला वडा खायला नेलं. पुण्यात आपण दहीवडा म्हणतो आणि वर साखर भुरभुरतो. इथे दह्याखाली वडा आणि दह्यावर मिरचीची चटणी होती, तीही विचारून न घातलेली. डोळ्यांतून पाणी येत असताना मी प्रकल्पाची माहिती ऐकली.

कंपनीची तीन ठिकाणं. अमरावतीला कचेरी, अकोल्याला लिलावाची मोठी शेड आणि परतवाड्याला वर्षभरापूर्वी उघडलेलं केंद्र. परतवाड्याच्या आजूबाजूचे शेतकरी माल तिथेच आणतात, काटा होतो, वजन तारेवरून अकोल्याला जातं, ढीग कॅमेऱ्यासमोर मांडतात, आणि अकोल्यात बसलेले व्यापारी पडद्यावर बघून बोली लावतात. विकला गेलेलाच माल टेम्पोत चढतो. नाही विकला तर घरी परत नेता येतो, अकोल्यापर्यंत वाहून तिथे पडेल त्या भावाला टाकून यावं लागत नाही. कल्पना प्रणिताची. अडचण एकच होती, की जुने डबे आठवड्यातून दोनदा रुसायचे आणि ऐन बोलीत पडदा काळा व्हायचा. मग कुणीतरी लॅपटॉप घेऊन अमरावतीहून धावायचं.

"सभासद कंटाळले मॅडम," ती म्हणाली. "मागच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं. पाडव्याच्या आधीचा शनिवार, झेंडूचा लिलाव. तो नीट झाला तर परतवाड्याचं केंद्र राहील. नाही झाला तर कुलूप."

"होईल," मी म्हटलं. दहीवडा खाताना माणूस काहीही बोलतो.

अमरावतीचं काम मात्र खरोखर सुरळीत झालं. दुपारपर्यंत कंट्रोलर उभा राहिला. मी इतकी खुशीत होते की अकोल्याच्या आणि परतवाड्याच्या लोकांना व्हिडिओवर बोलावून एक छोटं भाषणच केलं. डबे जाणार, पण तुमचं काहीच बदलणार नाही, असं सांगितलं. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. नव्या राउटरला मी जुन्याचाच पत्ता देणार होते, म्हणजे काटा, कॅमेरा, पडदा कशालाच हात लावावा लागणार नव्हता. "पत्ता तोच राहील," मी दोनदा म्हणाले. पडद्यावर एक जाड मिशीवाला गृहस्थ गंभीरपणे मान हलवत होता.

बुधवार : अकोला

अमरावती ते अकोला रस्त्याबद्दल मी लिहिणार नाही. शेतं रिकामी, काळी जमीन भेगाळलेली, कुठे कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. सकाळी अकराला अकोल्यात उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. पुण्यात आपण "काय उकडतंय" म्हणतो तो शब्द मी अकोल्यातच ठेवून आले.

जाड मिशीवाले गृहस्थ म्हणजे गुलाबराव. अठ्ठावन्न वर्षांचे, स्वतः वांगी-टोमॅटो पिकवणारे, तरुणपणी गावोगाव पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यामुळे कंपनीत वायर असलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या ताब्यात. मी फोनवर सांगितलं होतं, सर्व्हरची खोली थंड पाहिजे. एसी बिघडलेला होता. गुलाबरावांनी मग स्वतःच्या घरचा, कमरेएवढा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उचलून आणला होता आणि सर्व्हरच्या तोंडासमोर बरोब्बर एका हातावर मांडला होता. सर्व्हरवर दव पडल्यासारखं झालं होतं.

"गुलाबराव, हा काय प्रकार आहे?"

"थंड पायजे म्हनलं नं तुमी?"

"थंड म्हणाले. ओलं नाही म्हणाले."

"बाप्पा! वऱ्हाडात थंड मंजे ओलंच असते ताई," ते म्हणाले आणि कूलर ढकलून दारात नेला. मी टॉवेल मागवून सर्व्हर पुसला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा सर्व्हर पुसला.

जुना डबा मी स्वतः काढला, खोक्यात घातला, खोकं कोपऱ्यात ठेवलं. सर्व्हरमधला नवा राउटर उठवला, त्याच्यापुढे फायरवॉल उभा केला, माहितीने आधी कुठून जायचं आणि मग कुठून, हा क्रम कंट्रोलरवरून लावून दिला. एक वाजता परतवाड्याचं चित्र अकोल्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसायला लागलं. टाळ्या वाजल्या. आम्ही चहा प्यायला गेलो.

परत आलो तर चित्र अडकलेलं. मिनिटभराने सुरू झालं. मग पुन्हा अडकलं. काटा बोलेना, मग बोलला, मग पुन्हा गप्प. मी राउटर बंद करून चालू केला. फायरवॉल काढून पाहिला. फायरवॉलला जास्त मेमरी दिली. कंट्रोलरमधले नियम एकेक करून तपासले, सगळे जागच्या जागी होते. साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "परत एकदा रीस्टार्ट करून बघा." या वाक्यावर माणसाला पगार मिळतो.

संध्याकाळपर्यंत मी तीन वेळा सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. दर वेळी नीट चालायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच रडगाणं. प्रणिता खुर्चीवर बसून नखं खात होती. येता-जाता एकेक माणूस दारातून डोकावून विचारायचा, "झालं का?" पुण्यात लोक निदान तोंडावर विचारत नाहीत. इथे एकाने तर सरळ सांगितलं, "जुनंच बरं होतं." मी दार लावून घेतलं, तर आत इतकं उकडलं की मलाच उघडावं लागलं.

रात्री लॉजवर जेवायला बेसनाच्या पातोडीची भाजी आणि भाकरी होती. ती उत्तम होती हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. त्या वेळी मी नुसती चिडून गिळत होते.

गुरुवार : अजून अकोलाच

गुरुवारी सकाळी डोकं थोडं ताळ्यावर होतं म्हणून मी नेटवर्कला एक अगदी बाळबोध प्रश्न विचारला. या पत्त्यावर कोण राहतं? प्रत्येक यंत्राला, मग ते सॉफ्टवेअरमधलं का असेना, स्वतःचा एक वेगळा क्रमांक असतो, त्यावरून ओळख पटते. पहिल्यांदा माझ्या नव्या राउटरचा क्रमांक आला. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तर वेगळाच क्रमांक.

एकाच पत्त्यावर दोन यंत्रं उत्तर देत होती. जी आधी "मी" म्हणेल तिच्याकडे माहिती जायची. दुसऱ्या यंत्राकडे गेलेली माहिती तिथेच बुडायची, कारण त्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

मी कोपऱ्यातलं खोकं उघडलं. रिकामं होतं.

मग मी जमिनीवर बसले आणि वायर हातात धरून निघाले. वायर खोलीतून बाहेर, भिंतीच्या कडेने शेडमध्ये, हमालांच्या पायांतून, कांद्याच्या पोत्यांमागून काट्याच्या टेबलाखाली गेली. तिथे एका पाटावर जुना डबा बसला होता. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं आणि हिरवे दिवे आनंदाने लुकलुकत होते.

त्यानंतर मी गुलाबरावांना जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. हमाल थांबले, काटा थांबला, दोन व्यापारी मुद्दाम जवळ आले. अख्खा दिवस वाया गेला, अक्कल गहाण ठेवली होती का, शनिवारी लिलाव बुडाला तर त्याला जबाबदार तुम्ही, असं बरंच काही. गुलाबराव हाताची घडी घालून ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते बोलले.

"नवी मोटर बसवली का जुनी आमी हंगामभर विहिरीवरच ठेवतो ताई. नव्याचा भरोसा येईपर्यंत जुनं हलवत नाही. उद्या तुमची बंद पडली आन तुमी पुन्याले, मंग मी काय करू?"

"अहो, पण दोघांचा पत्ता एकच होता!"

"मंग तुमीच सांगतलं नं मंगळवारी. पत्ता तोच राहीन, तुमचं काईच बदलनार नाही. दोनदा सांगतलं. मी म्हनलं, बदलत नाही त राहू द्या बिचाऱ्याले."

प्रणिता खाली बघत होती. मला वाटलं शरमेने, पण तिचे खांदे हलत होते.

चीड याची होती की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नवं नीट चालेपर्यंत जुनं हाताशी ठेवायचं, हे आमच्याकडे मोठमोठ्या बैठका घेऊन ठरवतात. मी ते ठरवलंच नव्हतं. डबा बंद करून, वायर काढून, गुलाबरावांच्या हाती दिला आणि म्हटलं, ठेवा जपून, पण माझ्या परवानगीशिवाय जोडू नका. क्षमा मागायला हवी होती हे तेव्हाही कळत होतं. मागितली नाही. दुपारी पडदा दोन तास सलग चालला, एकदाही अडकला नाही.

शुक्रवार : वलगावमार्गे परतवाडा

गुरुवारी रात्रीच आम्ही अमरावतीला परतलो होतो, आणि अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेवरच वलगाव लागतं. प्रणिताच्या वडिलांनी मळ्यात रोडगे ठेवले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची भाजी. पहिल्या रोडग्याला मी "पुरे" म्हटलं. पुण्यात पुरे म्हटलं की पुरे होतं. इथे तो शब्द ऐकून आणखी दोन पानात पडले.

"खा नं, जेवून नाही राहिल्या तुमी," प्रणिताची आई म्हणाली. मी चौथा संपवत होते.

मळ्याच्या एका बाजूला झेंडू नुसता पेटला होता. "हा उद्याचा," प्रणिताचे वडील म्हणाले. "पहाटे तोडून परतवाड्याले नेतो. पोरीच्या सेंटरवर." ते एवढंच बोलले आणि पाण्याचं दार बदलायला गेले. प्रणिता मला गाडीत म्हणाली, की केंद्र बंद झालं तर ते तिला काही बोलणार नाहीत, पण अकोल्याच्या बाजारात मान खाली घालून जातील. त्यापेक्षा ओरडलेले परवडले, असंही म्हणाली.

परतवाड्याची जोडणी चार तासांत झाली. इथे कुणी काही लपवून चालू ठेवलं नव्हतं. मी दोनदा सगळ्या वायरी हाताने चाचपून खात्री केली, तेव्हा तिथली एक बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "काई हरवलं का तुमचं?"

या कुसुमबाई. साठीच्या, उंच, पायात रबरी बूट. परतवाड्याच्या सभासदांच्या त्या प्रमुख. स्वतःचा दीड एकर झेंडू आणि बाकी मेथी-पालक. नव्या सर्व्हरकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"याच्यात कुठं हाये ते तुमचं राउटर?"

"आत आहे. सॉफ्टवेअर आहे, दिसत नाही."

"आन बिघडलं त?"

"अमरावतीहून दुरुस्त करता येतं. इथे कुणाला यावंच लागत नाही."

"बरं," कुसुमबाई म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मला रात्रभर लागला नाही.

शनिवार : परतवाडा

सकाळी सातला शेड भरली होती. टोपल्या, क्रेट, चादरीत बांधलेला झेंडू, केशरी आणि पिवळा. वासाने डोकं भणाणत होतं. साडेआठला लिलाव सुरू होणार होता. अकोल्याच्या पडद्यासमोर व्यापारी बसलेले दिसत होते, मागे गुलाबराव फिरत होते, काटा बोलत होता. सगळं मनासारखं होतं. आता मी हात बांधून बसायला हवं होतं.

पण माझा स्वभाव. कंट्रोलरच्या यादीत एक जुना नियम उरला होता. जुन्या डब्याच्या वेळचा, आता बिनकामाचा, असं मला वाटत होतं. स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर एक खरकटी वाटी राहावी तसा तो माझ्या डोळ्यांना टोचत होता.

"हे काढून टाकते," मी म्हटलं.

"आत्ता नको मॅडम," प्रणिता म्हणाली. "लिलाव झाल्यावर करा नं."

"अगं, मिनिटाचं काम आहे."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी, कुसुमबाईंचा पहिला ढीग काट्यावर असताना, मी तो नियम पुसला. पडदा काळा झाला. काटा गप्प झाला. मोबाइलच्या इंटरनेटवरून मी नियम परत घालायला गेले, तर कंट्रोलर म्हणाला, दोन्ही केंद्रं सापडत नाहीत.

तो नियम बिनकामाचा नव्हता. कंट्रोलरचे हुकूम ज्या वाटेने दोन्ही सर्व्हरपर्यंत पोचत होते, ती वाटही त्याच नियमावर चालत होती. विहिरीत उतरून मी दोर कापला होता. जुन्या काळी डब्यात चूक केली असती तर एक डबा पडला असता. इथे मी एकदा टाइप केलं आणि सगळीकडे लागू झालं.

परतवाड्याचा सर्व्हर समोरच होता. पडदा आणि कीबोर्ड जोडून पंधरा मिनिटांत तो मी ठीक केला. अकोल्याला तसंच करायला कुणीतरी तिथे हवं होतं. तिथे होते गुलाबराव. मी मोबाइल लावला.

"गुलाबराव, सर्व्हरला कीबोर्ड जोडा. मी एकेक अक्षर सांगते, तसंच टाइप करा."

"सांगा. चष्मा लावला."

"एस."

"एस मंजे सापासारखा?"

"हो, सापासारखा. मग ई, मग टी. आता रिकामी जागा."

"किती रिकामी?"

"एकच! मग आडवी रेघ."

"वरची का खालची?"

मी सांगितलं वरची. हवी होती खालची. सगळी ओळ पुन्हा. इकडे शेडमध्ये पत्रा तापायला लागला होता, बायका झेंडूवर ओली फडकी टाकत होत्या, आणि मी फोनमध्ये ओरडत होते, "डी! डमरूतला डी!" तिकडून मागे व्यापाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. गुलाबराव एका बोटाने टाइप करत होते आणि प्रत्येक अक्षर परत वाचून दाखवत होते. न विचारता. एकदाही चुकले नाहीत. चुकले ते फक्त माझ्यामुळे.

मधेच एक ओळ जायला वेळ लागत होता तेव्हा मी म्हटलं, "गुलाबराव, गुरुवारी मी फार बोलले. चारचौघांत बोलायला नको होतं."

"हो, बोलल्या तुमी," ते म्हणाले. "फुडचं अक्षर सांगा."

दहाला काही मिनिटं कमी असताना पडदा उजळला. गुलाबरावांच्या बायकोने व्यापाऱ्यांना टरबूज कापून दिलं होतं म्हणून निम्मे तरी थांबले होते. लिलाव झाला. मेथी तशीच राहिली. झेंडू गेला, पण सकाळी ज्या भावाने गेला असता त्या भावाने नाही. फुलं पडद्यावरही मलूल दिसत होती. प्रणिताच्या वडिलांच्या चार टोपल्या परत गेल्या. त्यांनी टोपल्या उचलून गाडीत ठेवल्या.

दुपारी सभासद शेडमध्येच सतरंजीवर बसले. मी कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची पाहुणी म्हणून दिली होती. कुसुमबाई मधोमध बसल्या आणि त्यांनी वेळ घालवला नाही.

"मले एकच सांगा. मशीन चुकली का मानूस? मशीन चुकली असन त सेंटर आजच बंद. अशा मशीनवर मी माहा माल नाही टाकत. मानूस चुकला असन त नाव सांगा."

मग प्रणिता उभी राहिली.

"मानूस," ती म्हणाली. "मी. मीच मॅडमले म्हनलं, ते काढून टाका. त्याईची चूक नाही."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. पुण्याला साहेबांना सांगायला सोपं होतं, ग्राहकाच्या सांगण्यावरून बदल केला. मग मागून एक शेतकरी म्हणाला, "मंग या पोरीच्या हातातून काम काढा." आणि तिचे वडील, जे आतापर्यंत भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

मी उभी राहिले. सव्वीस वर्षांत अशा बैठकीत काय बोलायचं ते मला पाठ आहे, त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना.

"ती खोटं बोलतेय," मी म्हटलं. "तिने मला नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. यंत्र बरोबर होतं. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगणारी मी होते."

कुसुमबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मंग मशीन राहू द्या, सेंटर बी राहू द्या," त्या म्हणाल्या. "मानूस चुकला त त्याले बोलता येते. मशीनले कोन बोलन?"

आणि मग त्या मला बोलल्या. सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात. पहाटे तीनला उठून फुलं तोडली ती काय तुमच्या हौसेसाठी का, पोरगी नको म्हनते त तिचं ऐकाले काय झालं, इतकं शिकून हात काहून खाजते तुमचा. काही शब्द मला कळले नाहीत, पण सूर कळत होता. कुणी मधे पडलं नाही. कुणी "जाऊ द्या, पाहुण्या आहेत" म्हटलं नाही. मी खुर्ची सोडून उभी होते, तशीच ऐकत राहिले, आणि मला राग आला नाही याचंच मला नवल वाटत होतं. बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"फुडच्या शनिवारी तुमीच या," त्या म्हणाल्या. "इथंच बसा. आन कशाले हात लावू नका."

रविवारचं तिकीट मी रद्द केलं. साहेबांना सांगितलं की चूक माझी आहे, आठवडाभर थांबते. त्यांनी विचारलं, रीस्टार्ट करून पाहिलं का. पाडवा प्रणिताच्या घरी केला. गुढीला घातलेल्या माळेतली फुलं परत आलेल्या टोपल्यांतली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला मी परतवाड्याच्या शेडमध्ये, सतरंजीवर, लॅपटॉप बंद करून बसले. साडेआठला लिलाव सुरू झाला. वांगी गेली, पालक गेला, कुसुमबाईंची मेथी पहिल्या बोलीत गेली. पडदा एकदाही अडकला नाही. अकरा वाजता शेड रिकामी झाली, टेम्पो निघाला, बायका टोपल्या धुवायला नळावर गेल्या, आणि पूर्ण सकाळभर कुणी एकदाही सर्व्हरकडे किंवा माझ्याकडे बघितलं नाही.